दोन कॅमेरे घेऊन मुंबईत पाच दिवस

गुरुवार

डिसेंबरात डॉक्टरांनी उजवा हात वर करायला सांगितला, तर तो कानापर्यंतही पोचला नाही. खांदा आखडलाय, म्हणाले. चौदा वर्षं मी नाशिकमध्ये लग्नाच्या ऑर्डरी करते. हळदीपासून पाठवणीपर्यंत एक कॅमेरा गळ्यात, दुसरा कमरेला. व्यायाम सुरू केला, हात हळूहळू वर जायला लागला, पण एक गोष्ट मनातून जाईना. गेली तीन वर्षं ऑर्डर नसेल त्या दिवशी मी कॅमेरा घराबाहेर काढलेलाच नव्हता. फोटोग्राफी शिकले ती काही लग्नांसाठी नव्हे. आणि आता लग्नं सोडून काहीच काढत नव्हते. खांद्यापेक्षा हे जास्त दुखत होतं.

म्हणून फेब्रुवारीत, ऐन लगीनसराईत पाच मोकळे दिवस मिळाले ते पकडले आणि पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला मावशीकडे निघाले. बॅगेत माझा मोठा कॅमेरा, सोनी ए सेव्हन फोर, आणि २४-७० व १००-४०० मिलिमीटरच्या दोन झूम लेन्स. आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ येतं. एकट्या बॉडीचं, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं, वजन ६५८ ग्रॅम. २४-७० चढवली की १३५० च्या आसपास. १००-४०० ही एकटीच १४०० च्या घरात. बॅटऱ्या, चार्जर धरून बॅग साडेतीन किलोंच्या वर गेली होती, आणि ती मी मुद्दाम डाव्या खांद्यावर घेतली होती.

सीएसएमटीला उतरले ती आधी बोरा बाजारात गेले. फोर्टातल्या या भागात कॅमेऱ्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. आमच्याकडच्या कितीतरी फोटोग्राफरांची पहिली लेन्स इथूनच गेलेली आहे. मी फोनवर ठरवून ठेवलेला छोटा कॅमेरा, रिको जीआर थ्री, दुकानदाराने काउंटरवर ठेवला. चष्म्याच्या घराएवढा. बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम. माझ्या २४-७० च्या निम्म्यानेही नाही. आधार कार्डाची झेरॉक्स आणि अनामत दिली, पाच दिवसांसाठी भाड्याने घेतला आणि कुर्त्याच्या खिशात टाकला. खिसा जराही लोंबला नाही.

हाच का, ते सांगते. खिशात मावणाऱ्या बऱ्याचशा कॅमेऱ्यांत एक इंची म्हणतात तो सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, असतो; प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. या कॅमेऱ्यात २३.५ बाय १५.६ चा, एपीएस-सी सेन्सर आहे. माझ्या सोनीचा फुलफ्रेम, ३६ बाय २४. क्षेत्रफळ काढलं तर माझा सेन्सर या छोट्यापेक्षा सुमारे २.४ पट आणि एक इंचीपेक्षा सुमारे साडेसात पट मोठा आहे. उजेड कमी असतो तेव्हा ही पटच कामाला येते. म्हणजे रिको कमीच पडणार, पण बराच जवळ येणार. बदल्यात सोडायचं ते मात्र थोडं नाही. लेन्स एकच, २८ मिलिमीटरच्या बरोबरीची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी, एफ २.८. एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा; तो वाढला की छिद्र लहान होतं, उजेड कमी येतो. झूम नाही. डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. पावसाधुळीपासून वेगळं संरक्षण नाही.

दुपारी फोर्टातच फिरले. एका जुन्या इमारतीच्या आत नक्षीदार लोखंडी जिना आहे, वरून काचेतून उजेड उतरतो. मी सोनी काढली. वॉचमन लगेच उठला.

"ताई, कॅमेरा नाही. मोबाईल चालेल."

मी कॅमेरा ठेवला. त्याला तसं सांगितलेलं असणार, त्याच्याशी काय वाद घालायचा. मग खिशातला दाखवून विचारलं, हा चालेल का? त्याने हातात घेऊन बघितला. "हा काय, छोटाच आहे. दोन काढा आणि निघा." दोनच काढले. दोन्ही चांगले आले.

संध्याकाळी गिरगावात मावशीच्या चाळीत पोचले. दुसरा मजला, गॅलरीतली शेवटून दुसरी खोली. मावशी शहात्तरची आहे. माझ्या आईची पाठची बहीण. गळ्यात सोनी दिसल्याबरोबर म्हणाली, "थांब गं, अशी नको काढू." आत गेली, इरकली नेसून आली, तोंडाला पावडर लावली आणि काकांच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. मान ताठ. मी ७० मिलिमीटरवर, एफ २.८ ला काढला. फोकस आपोआप डाव्या डोळ्यावर जाऊन बसला. मागची भिंत विरघळली, इरकलीचे काठ असे आले की धागे मोजावेत. उत्तम फोटो. फक्त मी लग्नात असे हजारो काढले आहेत.

शुक्रवार

पहाटे साडेचारला उठून चर्नी रोडहून दादरची गाडी पकडली. दोन्ही कॅमेरे एकत्र न्यायचे, असं आजच्यासाठी ठरवलं होतं. तुलना करायची तर एकाच जागी, एकाच उजेडात.

दादरचा फुलबाजार स्टेशनाच्या पश्चिमेला, पुलाखाली आणि त्याच्या आजूबाजूला. पाच वाजता तिथे दुपारच्या बाजारासारखी गर्दी होती. झेंडूची पोती तोंड सोडून उभी. शेवंती, निशिगंध, ॲस्टर, बेलाच्या पेंढ्या, दूर्वांच्या जुड्या ओल्या फडक्यात. खाली देठांचा आणि पाण्याचा चिखल. वर उघडे एलईडी बल्ब लोंबत होते.

पहिला अर्धा तास सोनी. आयएसओ, म्हणजे अंधारात वाढवायची सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० ला नेली तरी चित्र स्वच्छ, बल्बच्या प्रकाशातल्या झेंडूचा रंगसुद्धा ओळखीचा. अडचण वेगळीच. शटरचा आवाज बंद करायचा तर इलेक्ट्रॉनिक शटर लावावं लागतं, आणि एलईडीच्या उजेडात त्याने फोटोवर आडवे पट्टे येतात. कारण सेन्सर एका ओळीनंतर दुसरी ओळ अशी वाचतो आणि बल्ब मधल्या वेळात लुकलुकून घेतो. म्हणून मेकॅनिकल शटर. म्हणून आवाज. त्या आवाजाला आणि त्या लेन्सला बाजाराने लगेच दाद दिली. हार ओवणारा मुलगा हात थांबवून हसायला लागला. एका बाईंनी पदर सारखा केला. एक जण ओरडला, "ओ मॅडम, कुठल्या पेपरात येणार?" आणि भोवतीच्या चौघांनी पोज दिली. बाजार माझ्याकडे बघत होता. मला तर बाजार त्याच्या कामात बघायचा होता.

सोनी बॅगेत गेली, रिको हातात आला.

या कॅमेऱ्याला स्नॅप फोकस आहे. त्याचं गणित मी नाशिकला वहीत करून आणलं होतं. अंतर दीड मीटरवर बांधायचं, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ५.६. मग साधारण एक मीटरपासून तीन मीटरपर्यंत जे काही येईल ते शार्प. म्हणजे हाताच्या टप्प्यापासून चार पावलांपर्यंत. बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधतच नाही, थेट फोटो घेतो. शटर लेन्सच्या आतच आहे, त्याचा आवाज शेजारी उभ्या माणसालाही जाणवत नाही. ५.६ ला उजेड पुरत नव्हता, आयएसओ बराच चढवावा लागला, फोटोत दाणा आला. येऊ दे. तो दाणा त्या पहाटेला शोभत होता.

आणि मग ते दिसलं. एक म्हाताऱ्या बाई दूर्वांच्या जुड्या बांधत होत्या. दूर्वा निवडायच्या, चिमटीत धरायच्या, दोऱ्याचे दोन वेढे, आणि दोरा दाताने तोडायचा. अंगठ्याच्या नखात हिरवा रंग मुरलेला. दर जुडी बांधून झाली की ती एकदा पाण्यात बुडवून झटकायच्या, आणि थेंब पुढच्या माणसाच्या पायावर उडायचे. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. कॅमेरा छातीशी, नजर त्यांच्याकडे, गप्पा चालू. दहा मिनिटांत त्यांनी मला विचारलं की नाशिकला दूर्वा काय भावाने जातात. शेवटी मी कॅमेरा दाखवून म्हटलं, "मावशी, तुमच्या हातांचे फोटो काढलेत, चालेल ना?" त्यांनी स्क्रीनवर बघितलं. "हातच काढलेस? तोंड नाही?" मग तोंडही काढलं. त्यांनी जुडी बांधणं थांबवलं नव्हतं.

विचारण्याबद्दल मला इथेच लिहायचं आहे. परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात, रिकाम्या हाऱ्यावर डोकं टेकून एक मुलगी झोपली होती. मी फोटो काढला. कुणाला कळलंसुद्धा नाही. आणि मला तेच खटकलं. मोठा कॅमेरा स्वतःच लोकांना सांगत असतो की फोटो निघतोय. छोटा सांगत नाही, ते काम आपल्यावर येतं. ती ग्रँट रोडपर्यंत उठली नाही. मी फोटो पुसून टाकला. चांगला होता.

चर्नी रोडला उतरताना रिकोची बॅटरी संपली. एका चार्जवर सुमारे २०० फोटो, असं कंपनीच सांगते. मी जास्तीची बॅटरी मागून घ्यायला विसरले होते. सोनी एका बॅटरीवर पाचशेच्या वर जाते, त्यामुळे ही सवयच राहिली नव्हती.

शनिवार

आज घारापुरी. सोमवारी लेणी बंद असतात आणि रविवार मी शिवडीच्या फ्लेमिंगोंसाठी राखला होता. फक्त सोनी आणि २४-७० घेतली. गेटवेहून लाँचने तासभर. सीगल पक्षी लाँचच्या मागे लागले, मुलं त्यांना कुरमुरे फेकत होती. पक्ष्यांना ते टाकू नयेत असं माझं मत आहे, पण लाँचवर ते ऐकणारी मी एकटीच होते.

जेट्टीपासून वर लेण्यापर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या. निम्म्यावर खांदा बोलायला लागला. पट्टा डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

पण आत गेल्यावर कळलं की इथे हीच हवी होती. लेण्यात उजेड येतो तो बाजूंनी, खांबांच्या ओळींमधून. बाहेरचं ऊन डोळ्यांना सहन होत नाही आणि आत भिंतीजवळ अंधार. ट्रायपॉड पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय चालत नाही, म्हणून हातातच धरायचं. साडेपाच-सहा मीटर उंचीच्या त्या त्रिमुखी सदाशिवासमोर मी खांबाला पाठ लावून उभी राहिले, श्वास सोडून थांबले आणि संथ शटरवर काढत गेले. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ, संस्कार न केलेली फाईल, नंतर उघडली तर उजवीकडचं वामदेवाचं मुख, ज्याच्या हाती कमळ आहे, ते सावलीतून अलगद वर आलं. पापण्या मिटलेल्या, खालचा ओठ किंचित पुढे. डावीकडच्या उग्र मुखाची कपाळावरची आठीसुद्धा सावलीत शाबूत होती. इतकी खोल सावली उचलून स्वच्छ ठेवायला मोठा सेन्सर लागतो. आणि एकाच जागेवरून आधी अख्खी मूर्ती, मग फक्त एक ओठ असं काढायचं तर झूमही लागतो. मूर्तीच्या जवळ जाता येत नाही, आणि जाऊही नये.

अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर. दोन तास गेले. कल्याणसुंदरात, म्हणजे शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पात, पार्वतीची मान अशी झुकलेली आहे की मला माझ्या सगळ्या नवऱ्या मुली आठवल्या.

रात्री जेवताना काकांना शिवडीचं सांगितलं. काका मूळचे समुद्रकाठच्या रेवदंड्याचे. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "उद्या त्रयोदशी. तेराची पाऊणपट किती?" मी म्हटलं, पावणेदहा. "मग पावणेदहाला पूर्ण भरती. तू साडेसातला तिथे हवीस. पाणी चढायला लागलं की पाखरं काठाकडे सरकतात. ओहोटीत गेलीस तर पार लांब चिखलात ठिपके दिसतील." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब आमच्याकडे गोदाकाठी कुणाला लागत नाही. माझ्या फोनमधल्या ॲपने दाखवलेली वेळ काकांच्या वेळेपेक्षा काही मिनिटांनीच वेगळी होती.

रविवार

काळीपिवळी करून शिवडी. जुन्या बोटींच्या दुरुस्तीची जागा, गंजलेले सांगाडे, तेलाचा वास. पलीकडे २०२४ पासून वाहता झालेला अटल सेतू धुक्यात शिरत होता. आणि चिखलावर फ्लेमिंगो. आधी नुसती फिकट गुलाबी रेघ. मग पाणी चढत गेलं तशी रेघ तुटली, जवळ आली, तिला पाय फुटले.

मी रिको काढून एक फोटो घेतला, प्रामाणिकपणे तुलना व्हावी म्हणून. २८ मिलिमीटरमध्ये खूप आभाळ, खूप चिखल आणि मध्ये गुलाबी दोरा. कॅमेरा खिशात गेला.

४०० मिलिमीटरवर मात्र वेगळंच जग. फ्लेमिंगो चोच उलटी करून पाण्यात घालतो, हे वाचलेलं होतं. ते इथे दिसलं. मान खाली, डोकं उलटं, वरची चोच तळाशी, आणि तो पाय नाचवत चिखल ढवळत अर्धवर्तुळात चालतो. डोळा लालसर, त्यात सूर्याचा ठिपका. कॅमेरा पक्ष्याचा डोळा ओळखून धरून ठेवत होता. कुठे तरी काही वाजलं आणि अख्खा थवा उठला. पंखांच्या आतला किरमिजी आणि काळा रंग एकदम उघडला. मी शटर दाबून धरलं. तीन-चार सेकंद. खांद्यातून कळ गेली ती थेट कोपरापर्यंत, पण हात खाली घेतला नाही.

येताना ठरवलं होतं की ४०० ची लेन्स विकून टाकावी, लग्नात तिचं काय काम. तो विचार मी शिवडीच्या जेट्टीवर सोडून दिला. लग्नात नसेल तिचं काम, माझ्याकडे आहे.

संध्याकाळी खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावून गॅलरीत बसले. मावशी समोर मेथीची जुडी सोडून निवडत होती. खाली कुणीतरी क्रिकेट खेळत होतं, चेंडू दर दोन मिनिटांनी जिन्यावर यायचा. मावशी बोलत होती. आई आणि ती लहानपणी याच गॅलरीत झोपायच्या, रात्री ट्रामचा आवाज यायचा, आणि आई तिला सांगायची की तो समुद्राचा आवाज आहे. बोलता बोलता एक पान निवडायचं ते हातातच राहिलं. मान थोडी उजवीकडे गेली. रिको माझ्या मांडीवर होता. मी वर उचलला नाही, तसाच काढला. स्नॅप, दीड मीटर.

"काढलास का?"

"हो."

"साडी बघ कसली आहे माझी." पण उठली नाही. पुढचं पान घेतलं. मी आणखी सहा काढले.

रात्री तिला फोटो दाखवले. फुलबाजार, सदाशिव, फ्लेमिंगो. फ्लेमिंगोंवर ती थांबली, काकांना हाक मारली. मग मेथीचा आला. ती काही बोलली नाही. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

"ही अक्का आहे," ती म्हणाली.

अक्का म्हणजे माझी आई. जाऊन सहा वर्षं झाली. मी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि मलाही दिसली. मान तशीच कलती, ओठ तसेच अर्धवट उघडे, काही सांगायचं राहिल्यासारखे. इरकली नेसून ताठ बसलेल्या मावशीत आई कुठेही नव्हती.

सोमवार

सकाळी जवळच्या लॅबमध्ये दोन प्रिंट काढायला टाकले, आठ बाय बाराचे. तेवढ्यात बोरा बाजार. रिको परत दिला, अनामत घेतली आणि दुकानदाराला माझ्या १६-३५ चा भाव विचारला. ही वाइड झूम घरी कपाटात आहे. लग्नात स्टेजचा ग्रुप फोटो सोडला तर ती वर्षभर निघत नाही, आणि तो २४ वरही होतो. सोनीची एकही बॉडी विकणार नाही. लग्नात दोन कार्डांवर एकदम फोटो लिहिले जातात म्हणून मी शांत झोपते. छोट्यात कार्ड एकच, आणि सप्तपदी पुन्हा चालायला लावता येत नाही. १६-३५ द्यायची आणि थोडे वरचे पैसे घालून रिको घ्यायचा. जास्तीच्या दोन बॅटऱ्यांसकट. दुकानदार म्हणाला, लेन्स कुरियरने पाठवा, बघून भाव सांगतो. मी म्हटलं, नाही, मीच घेऊन येईन.

प्रिंट घेऊन चाळीत आले. मावशीने दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितले. इरकलीचा काकांच्या हातात दिला. "हा फ्रेम करून आणा. दारासमोर लावू, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल." मेथीचा तिने उचलला, कपाट उघडलं, आणि आतल्या बाजूला आईचा जो छोटा फोटो चिकटवलेला आहे, त्याच्याखाली टेकवून ठेवला. मग कपाट तसंच उघडं ठेवून माझ्यासाठी पोळीभाजीचा डबा भरायला गेली.